बावीस पोरांची पहिली

लोणसांगवीत अण्णाराव टेकाळे गुरुजींचा आवाज ज्यानं ऐकला नाही असा माणूस सापडायचा नाही. त्यात माणसांचं काही कौतुक नव्हतं. तो आवाज न ऐकण्याची सोयच गावात नव्हती.

अर्धापूरच्या रस्त्याला लागून, केळीच्या बागांत हे गाव आहे. गुरुजी पारावर बसून एखाद्याला सहज विचारायचे, "काय पंढरी, कधी आलास नांदेडहून?" आणि ओढ्यापलीकडं घड कापणाऱ्या बायांना कळायचं, की पंढरी आलाय. पोलिओचा डोस असो, हरवलेली शेळी असो, ग्रामपंचायतीचा शिपाई आधी गुरुजींच्या दारात यायचा आणि मग गरज वाटलीच तर भोंगा लावायचा. गुरुजींच्या बायकोला, केवळाबाईंना, डाव्या कानानं कमी ऐकू येई. डॉक्टरनं कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जेवताना मी यांच्या उजव्या हाताला बसते."

हा आवाज शाळेत घडलेला होता. चौतीस वर्षांची नोकरी, त्यातली शेवटची बरीचशी लोणसांगवीच्याच जिल्हा परिषद शाळेत, तीही पहिली-दुसरीवर. त्या काळी एक खोली, एक मास्तर आणि पंच्याऐंशी पोरं. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी हा आकडा जपून ठेवला होता. कुठल्याही लग्नात पंगत बसली, की शेजारच्याला ते सांगायचे, "पंच्याऐंशी पोरं, एक मास्तर. चिडीचूप." पुढं लग्नसराई जशी सरत गेली तशी पोरंही वाढत गेली. गेल्या वैशाखात ती एकशे दहा झाली होती. केवळाबाईंनी पलीकडच्या पंगतीतून नुसतं बघितलं, तेव्हा परत शंभरावर आली.

गुरुजी खोटारडे नव्हते. शाळेवर त्यांचा जीव होता आणि सुट्टी त्यांनी फार क्वचित घेतली. त्यांची एक पद्धत होती. एका पोराला पुढं उभं करायचं, त्यानं "एक" म्हणायचं, मग सगळ्यांनी "एक". अशी शंभरापर्यंत उजळणी. पंच्याऐंशी गळ्यांतून ती निघाली की कौलांवरची कबुतरं उडायची, आणि तो नाद ऐकत गुरुजी हात मागं बांधून फेऱ्या मारायचे. शिक्षण म्हणजे हेच, असं त्यांना वाटे. गावालाही तसंच वाटे, कारण गावाला तेवढंच ऐकू येत होतं.

आता शाळेत चार जागा मंजूर होत्या आणि दोनच भरलेल्या. हेडमास्तर तिसरी-चौथी सांभाळायचे, आणि उरलेल्या वेळात वर मागितलेली माहिती मोबाईलवरून पाठवायचे. खरं म्हणजे माहिती पाठवायचे आणि उरलेल्या वेळात तिसरी-चौथी सांभाळायचे. पहिली-दुसरी एकाच खोलीत ऋतुजा मॅडमकडं होती. या मॅडम लातूर जिल्ह्यातल्या, देवणीच्या. अंगानं बारीक, बोलणं हळू. त्यांच्यापुढं अठ्ठावन्न पोरं होती, बावीस पहिलीची आणि बाकीची दुसरीची. पहिलीला अक्षरं दाखवायला वळावं तर दुसरीत मारामारी सुरू. दुसरीकडं वळावं तर पहिलीतलं एखादं पोर झोपलेलं. आणि दर महिन्याला इंग्लिश स्कूलची पिवळी व्हॅन गावातून एखाद-दुसरं पोर जास्तीचं घेऊन जात होती.

त्या साली सरपंच होती पंचशीला गजभारे. तिचं माहेर ओढ्याच्या त्या बाजूला आणि सासर या बाजूला, त्यामुळं तिला गावाबद्दल नवीन काही सांगायला कुणी जात नसे. ग्रामपंचायतीनं रस्त्यावर गाळे बांधले होते, ते केळीच्या व्यापाऱ्यांनी भाड्यानं घेतले होते आणि भाडं पंचायतीत साठत होतं. त्या पैशाचं काय करायचं, हे गावानं कधीच ठरवून टाकलं होतं. वेशीत कमान बांधायची. बजरंग नावाचा तरुण पुढारी त्यात पुढं होता. कमानीवर दोन हत्ती आणि मधोमध केळीचा घड, इथपर्यंत एकमत होतं. घड हिरवा रंगवायचा की पिवळा, यावर दोन महिने अडलं होतं. बजरंग म्हणे पिवळा, शेतकरी म्हणत हिरवा, कारण विकताना तो हिरवाच असतो.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पंचशीलानं सांगितलं, की कमान एक-दोन वर्षं थांबू द्या. गाळ्यांच्या भाड्यातून आपण पहिलीला वेगळा शिक्षक ठेवू. सरकारची जागा भरेल तेव्हा भरेल, तोवर पोरं काही सहा वर्षांचीच राहणार नाहीत.

बजरंगाच्या आधी गुरुजी उठले. माईक त्यांनी हातानंच बाजूला केला.

"आम्ही पंच्याऐंशी पोरं एकट्यानं सांभाळली," ते म्हणाले. "आता अठ्ठावन्न पोरांना दोन-दोन मास्तर लागून राहिले. उद्या म्हणाल, पोरामागं एक द्या."

लोक हसले. पंचशीलाही हसली.

"मी बी त्या पंच्याऐंशीत होते, गुरुजी," ती म्हणाली. "मला वाचता आलं चौथीत. तुमी सांभाळलं मात्र चांगलं, त्यात वाद न्हाई."

सभा पुन्हा हसली, पण या वेळी बायकांच्या बाजूनं. गुरुजी खाली बसले. त्यांना राग आला होता, पण रागापेक्षा एक वेगळंच कोडं पडलं होतं. ते मनातल्या मनात जुन्या खोलीत फिरत होते, एकेक रांग बघत होते, आणि त्यांना पंचशीला कुठंच दिसत नव्हती. सरपंच झाल्यापासूनची पंचशीला त्यांना चांगली आठवत होती. त्याआधीची नाही.

हात वर झाले तेव्हा कमानवाली बरीच पोरं बाहेर मोबाईलवर बोलत उभी होती. आत होत्या त्या बाया. ठराव झाला.

ठराव झाला, पण मास्तर मिळेना. गावातली डी.एड. झालेली पोरं नांदेडला अभ्यासिकेत बसून परीक्षांची तयारी करत होती. मानधन ऐकून त्यांनी परतीचा फोनसुद्धा केला नाही. पोळा झाला, गणपती बसले, उठले. मग एके दिवशी दुपारी पंचशीला आणि ऋतुजा मॅडम गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसल्या. कशाला आल्या हे केवळाबाईंना त्या बसायच्या आधीच कळलं आणि त्यांनी चहाला पातेलं मोठं ठेवलं.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, द्यायची तर अठ्ठावन्नही माझ्याकडं द्या आणि या पोरीला थोडी विश्रांती घेऊ द्या. पंचशीलानं मान हलवली. बावीसच. फक्त पहिली. नाहीतर ठरावाला अर्थ काय राहिला.

ऋतुजा मॅडम कपाकडं बघत म्हणाल्या, की आणखी एक गोष्ट होती. दोन खोल्यांच्या मध्ये नुसता पत्रा आहे. सरांनी जरा, म्हणजे शक्य झालं तर, आवाज...

आतून केवळाबाईंच्या हसण्याचा आवाज आला, आणि मागोमाग ठसक्याचा.

गुरुजी हो म्हणाले. गावात त्यांनी सांगितलं, की सरपंचबाईंनी फारच गळ घातली. केवळाबाईंना खरं कारण माहीत होतं. हल्ली गुरुजी पारावर जाऊन बसले, की दहा-पाच मिनिटांत एकेकाला घरी काम निघायचं.

सोमवारी गुरुजी धुतलेलं धोतर आणि टोपी घालून वर्गात गेले. बावीस पोरं उभी राहिली. गुरुजी म्हणाले, "बसा."

त्यांच्या हिशेबानं ते हळूच म्हणाले होते. पहिली बसली. पत्र्यापलीकडची दुसरी बसली. अंगणवाडीतली पोरं बसलेलीच होती, ती आडवी झाली. पहिलीतल्या चौघांनी भोकाड पसरलं आणि एकजण दप्तर उचलून कुणालाही न सांगता घरी गेला. ऋतुजा मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. संध्याकाळी केवळाबाईंनी विचारलं, "काय, कसं काय झालं?" गुरुजी म्हणाले, पोरं नाजूक आहेत.

पण खरी अडचण निराळीच होती. पूर्वी दिवसाचा निम्मा वेळ पोरांना गप्प बसवण्यात जायचा, आणि त्यात मास्तरकी केल्यासारखं वाटायचं. इथं पोरं लगेच गप्प होत होती आणि पुढं अख्खा दिवस उरत होता. आठवड्याची उजळणी मंगळवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपली. गुरुजी खिडकीत जाऊन उभे राहिले. आता काय करावं, हे त्यांना चौतीस वर्षांत पहिल्यांदाच सुचत नव्हतं. मग त्यांनी परत उजळणी लावली.

आणि ती चालू असताना त्यांना काहीतरी कमी ऐकू आलं. बावीस गळ्यांचा नाद पंच्याऐंशींसारखा भरीव नसतो, त्यात मधूनमधून जागा राहतात. अशीच एक जागा खिडकीकडच्या रांगेत होती. गुरुजी हात मागं बांधून तिकडं गेले. तिथं बुद्धप्रिया नावाची एक मुलगी बसली होती. दोन घट्ट वेण्या, नजर समोर, ओठ सगळ्यांबरोबर हलत होते. आवाज मात्र येत नव्हता. गुरुजी थोडे वाकले. सगळे "एकोणतीस" म्हणाले तेव्हा तिच्या ओठांनी भलतंच काहीतरी केलं.

गुरुजींनी उजळणी थांबवली आणि तिला एकटीला म्हणायला सांगितलं. ती उभी राहिली, पण तोंड उघडेना. गुरुजींनी समजावलं. समजावणं त्यांचं असं, की पत्र्यापलीकडची दुसरी चिडीचूप झाली. बुद्धप्रियाची मान खाली गेली ती वर आलीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेतही आली नाही. पोट दुखतंय, असा तिच्या आईचा निरोप आला.

पंच्याऐंशींतली एक आली नाही तर हजेरीतच कळायचं. बावीसांतली एक आली नाही तर जागा दिवसभर डोळ्यांसमोर राहते. गुरुजींना त्या दिवशी डबा गेला नाही. सुट्टीत त्यांनी इकडं-तिकडं बघत ऋतुजा मॅडमना विचारलं, की अशा पोरींचं तुम्ही काय करता. मॅडमना कधी कुणी काही विचारल्याची सवय नव्हती. त्या म्हणाल्या, की त्या खाली, पोरांजवळ बसतात. वरून विचारलं की पोरं घाबरतात. अर्थात अठ्ठावन्नांत हे रोज जमत नव्हतं.

"मी चौतीस वर्षं उभ्यानं शिकवलं," गुरुजी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बुद्धप्रिया आली. गुरुजींनी बाकीच्यांना पाटीवर रेघोट्या ओढायला दिल्या, खिडकीपाशी गेले, आणि भिंतीला पाठ लावून हळूहळू, टप्प्याटप्प्यानं खाली सतरंजीवर बसले. एवढ्या जवळून त्यांनी वर्ग कधी बघितला नव्हता. इथून फळा फार उंच दिसत होता. ते बुद्धप्रियाकडं बघून हसले. ती पाटीकडं बघत राहिली. शेवटी घंटा झाली, आणि गुरुजी उठायला गेले.

गुडघ्यांनी नकार दिला. त्यांनी एका हातावर जोर दिला, मग दुसऱ्या. टोपी घसरून कपाळावर आली. पोरं पाट्या सोडून बघायला लागली. कुणी हसलं नाही, कारण हसायची हिंमत अजून आली नव्हती. तेवढ्यात शेजारून एक स्पष्ट आवाज आला.

"गुरुजी, भिताडाला धरा. आणि एक गुडघा आधी टेकवा. माझी आजी अशीच उठती."

गुरुजींनी भिंतीला धरलं आणि एक गुडघा टेकवला. बुद्धप्रियानं त्यांच्या कोपराखाली आपला हात घातला, घरच्या रोजच्या कामासारखा. ते उभे राहिले आणि म्हणाले, "शाबास. आजीला रोज उठवतेस?"

ती म्हणाली, रोज. आजी केळीच्या फण्या धुवायला जाते, आई त्या खोक्यांत भरायला जाते, आणि शाळा सुटली की ती पण जाते. एवढं बोलून झाल्यावर तिला बहुतेक कळलं, की आपण गुरुजींशी बोललो. पण आता उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी घरून केळीची एक फणी नेली. बुद्धप्रियानं ती नुसती बघून सांगितलं, सोळा. गुरुजींनी मोजली, सोळाच होती. दोन फण्यांच्या तिनं बोटावर बेरजा केल्या, कुठं डाग पडलेलं केळं वजा करायचं तेही सांगितलं. मग गुरुजींनी विचारलं, उजळणीत का म्हणत नाहीस. तिनं जरा विचार केला. तिला वाटलं होतं, ते गाणं आहे. ते मोजायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि गाणं तिला येत नव्हतं.

गुरुजी त्या दिवशी घरी गेले ते पारावर न थांबता. केवळाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, काही नाही, आणि केवळाबाईंना ते पहिल्या खेपेला नीट ऐकू आलं नाही. त्यांना काळजी वाटली.

त्यानंतर उजळणी बंद झाली नाही, पण गुरुजी मध्ये मध्ये थांबू लागले. कोण कुठं चुकतंय, कोण शेजाऱ्याचं ऐकून म्हणतंय, ते बघू लागले. एक पोरगा ळ उलटा काढायचा. एकीला अक्षरं येत होती पण फळा दिसत नव्हता. तिला नांदेडला नेऊन चष्मा आणला, तेव्हा ती दोन दिवस नुसती झाडाची पानं बघत होती. आणि बावीसांतले एकूण पाचजण बुद्धप्रियासारखेच नुसते ओठ हलवत होते. हे कळल्यावर गुरुजींनी तो हिशेब पंच्याऐंशीला लावून बघितला आणि अर्ध्यात सोडून दिला.

दिवाळीनंतर एकदा पंचशीला शाळेत आली. पत्र्याच्या जागी पक्की भिंत घालायची म्हणून ती माप घ्यायला आली होती. माप घेऊन झाल्यावर गुरुजी तिला व्हरांड्यात घेऊन गेले.

"पंचशीला," ते म्हणाले, "तू पण नुसते ओठ हलवायचीस का गं?"

"हाव, गुरुजी," ती म्हणाली. "लई झाक हलवायची. तुमी एकदा मला शाबास बी म्हणले होते."

गुरुजींनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. आमची घरं ओढ्यापलीकडं, पंचशीला सांगू लागली, पाऊस असला की यायला उशीर व्हायचा. उशिरा येणाऱ्यानं मागं बसायचं, असा तुमचा नियम होता. मागून फळा दिसायचा, पण तुम्ही दिसायचे नाहीत. ती हे तक्रारीसारखं सांगत नव्हती, जुनी गंमत सांगावी तसं सांगत होती. गुरुजींना मात्र ती गंमत वाटली नाही.

"मला ओळखायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"पंच्याऐंशीत कसं ओळखणार? देवाला बी जमलं नसतं." आणि मग ती नेहमीसारखी हसली. "म्हणून तर तुमाला बावीसच दिले."

पुढच्या जूनमध्ये जिल्हा परिषदेनं शाळेला तिसरा शिक्षक दिला. बजरंगला आनंद झाला. आता गाळ्यांच्या भाड्याची शाळेला गरज उरली नाही, असं तो ग्रामसभेत म्हणाला, आणि घड हिरवाच ठेवायला आपण तयार आहोत, हेही त्यानं जाहीर केलं. त्यावर गुरुजी उठले. नवीन शिक्षक दुसरीला द्या, ऋतुजा मॅडमना तिसरी द्या म्हणजे हेडमास्तरांची माहिती तरी वेळेवर जाईल, आणि पहिली पुन्हा वेगळीच राहू द्या, असं त्यांना सांगायचं होतं. पण ते सांगताना ते पोरांकडं वळले. बुद्धप्रिया आता वाचते, पण बोट ठेवून. ळवाला पोरगा आता बरोबर काढतो, पण ल उलटा काढायला लागलाय. एकेकाचं सांगता सांगता त्यांनी चौदा-पंधरा पोरं संपवली, तेव्हा ग्रामसेवकानं हात जोडले आणि ठराव मांडायची विनंती केली.

बजरंगाचा मुलगा त्या बावीसांत होता, आणि चष्म्याची ती मुलगी त्याची पुतणी होती. हात वर करायची वेळ आली तेव्हा बजरंगानं आपला हात खांद्यापर्यंत नेला आणि तिथंच कान खाजवला. ग्रामसेवकानं तो पूर्ण धरला. पहिलीसाठी गाळ्यांचं भाडं आणखी एक वर्ष मंजूर झालं.

लग्नाच्या पंगतीत गुरुजी आता आकडा सांगत नाहीत. एकेक पोराची हकिकत सांगतात. आधीचं बरं होतं, असं लोक आपसात म्हणतात, ते जिलबी येईस्तोवर तरी संपायचं.

शाळा उघडली त्या दिवशी नवीन पहिलीचं स्वागत होतं. दाराला आंब्याची पानं, पोरांच्या हातात फुगे. गुरुजींनी या वर्षी स्वतःसाठी एक बुटकं स्टूल करून घेतलं होतं, गुडघ्यांशी तडजोड म्हणून. त्यावर बसून ते एकेकाला नाव विचारत होते. पुनम नावाची एक मुलगी पुढं आली. तिला नाव विचारलं, तर तिनं ते सांगितलं आणि लगेच पुढं सांगायला घेतलं, की तिच्या मामाकडं देवणीला एक वासरू झालंय, पांढरं, आणि त्याच्या एका कानावर काळा ठिपका आहे, आणि ते तिच्या बोटाला दूध समजून चोखतं, पण मामी म्हणती असं करू द्यायचं नाही.

मागं रांग थांबली होती. हेडमास्तरांनी दारातून घड्याळाकडं बोट दाखवलं.

गुरुजी थोडे पुढं वाकले. "मग?" त्यांनी विचारलं.